पाटी खाली उतरवा

मोबाइलवर नावापुढे ‘आर्ट थेरपिस्ट’ लिहिलंय, ते आजच्या आज काढून टाका. दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर झालं, शेवटी रंगीत प्रमाणपत्र आलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही उपचार करायला मोकळे? कुणावर? कशाच्या बळावर? माना खाली घालून बसू नका. मला उत्तर हवंय.

परवा ज्या शाळेत तुम्ही ‘सेशन’ घेतलं, तिथल्या बाईंचा मला फोन आला होता. पाचवी-सहावीच्या लेकरांना तुम्ही कागद वाटले, खडू वाटले आणि म्हणालात, आपापलं घर काढा. लेकरांनी काढलं. एका मुलीने घर काढलं, दार काढलं आणि काळा खडू घेऊन ते दार इतकं गिरवलं, की कागद फाटला. तुम्ही तिला ‘छान’ म्हणालात आणि पुढे गेलात. मग सगळ्यांचा फोटो, चित्रांचे जवळून फोटो, आणि संध्याकाळी ते इन्स्टाग्रामवर, खाली इंग्रजीत वाक्य की कला जखमा भरते. चित्रांच्या कोपऱ्यात लेकरांची नावं स्वच्छ वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. का आली नाही, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. ती आली नाही हेसुद्धा तुम्हाला माझ्याकडून आत्ता कळतंय.

तुमचा हेतू चांगला होता, हे मला सांगू नका. चांगलाच होता, वाईट असता तर मी बोलत बसले नसते. पण चांगल्या हेतूने दार उघडायचं आणि आत कोण आहे ते न बघता निघून जायचं, याला सेवा म्हणत नाहीत. सबंध दिवस मोकळं बोललेलं लेकरू संध्याकाळी ज्या घरात परत जातं, त्या घरी तुम्ही असणार नाही. म्हणून या कामात पहिला प्रश्न रंगांचा नसतोच. लेकरू बोललं तर पुढे काय, कुणाकडे न्यायचं, कुणाला सांगायचं, पुढच्या आठवड्यात कोण येणार, हे ठरवल्याशिवाय कागद वाटायचे नसतात. ‘पॉक्सो’ कायदा २०१२ चा. त्याच्या १९ व्या कलमाने अत्याचाराची माहिती किंवा रास्त शंका असेल तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक केलंय, आणि न कळवणाऱ्याला २१ व्या कलमात शिक्षा आहे. तुमच्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक किती जणांच्या फोनमध्ये आहे?

आणि चित्र ज्याने काढलं त्याचं असतं. तुमचं नाही, शाळेचं नाही, माझंही नाही. डॉक्टर रोग्याचा कागद चौकात लावतो का?

चित्राकडे न बघता ‘छान’ म्हणून पुढे जाणं हा एक अपराध. त्याच्या उलट दुसरा. तुमच्यातला एक जण मला सांगत होता, ‘मॅडम, काळा रंग म्हणजे दुःख, चित्रात हात नाहीत म्हणजे भीती.’ हे कुठून उचललंत? पंचांग बघितल्यासारखी चित्रं बघायची नसतात. शिकलेला माणूस चित्राचा अर्थ लावून दाखवत नाही. ‘या दाराबद्दल सांगतेस?’ एवढंच विचारतो आणि थांबतो. ते थांबणं शिकायला वर्षं जातात. कोणत्या हातात कोणतं साहित्य द्यायचं, हेसुद्धा शिकावं लागतं. पेन्सिल, खडू हाताच्या ताब्यात राहतात. ओले रंग आणि ओली माती ताबा सुटायला लावतात. कुणाला तसं सुटणं हवं असतं. कुणी आधीच सुटत चाललेला असतो आणि मातीचा गोळा हातात दिला की घाबरा होतो. शिबिरातल्या बाईंनी हे सांगितलं नसेल, कारण दोन दिवसांत हे सांगून होत नाही.

ज्याच्यामुळे ‘आर्ट थेरपी’ हे नाव रूढ झालं, तो एड्रियन हिल आयुष्यभराचा चित्रकार होता. क्षय झाला म्हणून इंग्लंडमधल्या आरोग्यधामात पडून होता, तिथे स्वतः चित्रं काढत राहिला, मग शेजारच्या खाटांवरच्या रोग्यांना काढायला लावलं, आणि १९४२ मध्ये त्या कामाला हे नाव दिलं. आधी आयुष्यभराचा हात, मग आजार, मग नाव. पुढे ब्रिटनमध्ये या उपचारकांची संघटना उभी राहायला १९६४ उजाडलं, अमेरिकेत १९६९. आज ब्रिटनमध्ये सरकारी नोंदणी नसेल तर हे नाव स्वतःला लावणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडेही २०२१ मध्ये आरोग्याशी संबंधित व्यवसायांचा जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि हालचालींतून उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आलाय. म्हणजे हा व्यवसाय इथेही उभा राहतोय. तो उभा राहत असतानाच तुम्ही त्याची अब्रू घालवू नका. गंगाखेडला गोदावरी भरून वाहते तेव्हा बुडणाऱ्याला काढायला पट्टीचा पोहणारा उतरतो. ज्याला पोहता येत नाही त्याने कळवळ्याने उडी मारली तर दोघांनाही शोधायला जावं लागतं.

गंगाखेडवरून आठवलं. परवाच्या भाषणात एकीने जनाबाईला ‘जगातली पहिली आर्ट थेरपिस्ट’ करून टाकलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. जनाबाई गंगाखेडची, तिचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे, म्हणून सांगते, तिला असल्या पाट्या लावू नका. जात्यावर दळताना बायांनी जे गायलं ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांच्यासमोर कुणी वही घेऊन त्यांना बरं करायला बसलेलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गायिकेचा आवाजही आहे. ऐकलाय कुणी? नाही. जनाबाईचं नाव घ्यायला सोपं, ताडकळसची ओवी तासभर ऐकत बसायला अवघड. आजीला येत होतं म्हणून मला येतं, हा युक्तिवाद माझ्यापुढे पुन्हा करू नका. आजीला जातं ओढता येत होतं. तुम्हाला येतं?

आता हेही ऐका, म्हणजे मी तुम्हाला या वाटेवरून परत फिरवतेय असं वाटायला नको. या जिल्ह्याला तुमची गरज आहे. सरकारने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला, त्यात परभणी आहे. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात, कुणाचं चित्त ठिकाणावर नाही ते नोंदवतात, दवाखान्यापर्यंत आणतात. ‘टेलिमानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पण राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही मराठवाड्याबाहेर. सोयाबीन गेलं, कापूस गेला, माणूसही गेला, त्या घरातलं आठ-दहा वर्षांचं लेकरू कुणाशी बोलतं? बोलतच नाही. त्याच्यासमोर कागद ठेवून चार वर्षं, दर बुधवारी, न चुकता बसणारं कुणी या जिल्ह्यात असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच दोन दिवसांच्या प्रमाणपत्राची मला चीड येते.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे हात. तुमच्यातल्या निम्म्या मुलांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती. दहावीला वाढीव गुण मिळाले आणि रंगपेटी माळ्यावर गेली, ती आजतागायत खाली आलेली नाही. चित्र काढायचं नाही, वही भरायची नाही, आणि लोकांना चित्र काढायला सांगायचं! अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आर्ट थेरपीच्या पदव्युत्तर वर्गात घेण्याआधी चित्र-शिल्पाचे अठरा आणि मानसशास्त्राचे बारा श्रेयांक मागत आली आहेत, शिवाय तुमच्या कामाचा संच. बी.ए.ला मानसशास्त्र ‘अवघड जातं’ म्हणून तुम्ही सोडलंत, आणि आता तिथला अर्ज माझ्या टेबलावर ठेवता. आधी मानसशास्त्रात एम.ए. करा. ते करता करता एखाद्या दिव्यांग मुलांच्या शाळेत पडेल ते काम करा, चादरी घाला, जेवण भरवा. मग मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये अभिव्यक्त कलांवर आधारित उपचारांची पदव्युत्तर पदविका आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकात्याच्या ‘संवेद’बरोबर नृत्य-हालचाल उपचाराची पदविका चालवलेली आहे. तिथे जाल तेव्हा वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करावं लागेल, आपण काय चुकलो ते दर आठवड्याला कुणापुढे तरी मांडावं लागेल. ज्याला आपली चूक दुसऱ्यासमोर उघडी करता येत नाही, त्याने या धंद्यात पाऊल ठेवू नये.

डॉ. मोहन आगाशे तुम्हाला ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून माहीत असतात, किंवा तेवढेही नसतात. तो माणूस मनोविकारतज्ज्ञ आहे, पुण्याच्या बी.जे. मेडिकलमध्ये प्राध्यापक होता. नाटक आणि वॉर्ड ही दोन्ही कामं त्यांनी केली, पण वॉर्डात गेले ते मनोविकारशास्त्राचं शिक्षण पूर्ण घेऊन. नाटक येतं म्हणून रोगी तपासले नाहीत. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घेतलीत तरी पुरे.

लेखकांनो, हसू नका, आता तुमची पाळी. ‘क्रिएटिव्ह रायटिंग’मध्ये परदेशी मास्टर्स करायचंय म्हणून तुमची हेतुपत्रं माझ्याकडे आली. सगळ्या पत्रांचं पहिलं वाक्य एकच: मला लहानपणापासून लेखनाची ओढ आहे. पुढेही तेच शब्द, तीच वळणं. कुठल्या यंत्राने लिहून दिलं ते विचारत नाही. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या पानांत परभणी नाही. वावर नाही, मोंढा नाही, तुमच्या आईची भाषा नाही, एस.टी.च्या खिडकीतून रोज दिसतो तो रस्ताही नाही. ती पत्रं नागपूरच्या, नाशिकच्या, कुठल्याही मुलाने पाठवली असती तरी चाललं असतं. लेखक व्हायला निघालेल्या माणसाने आपल्याबद्दलचं पहिलंच पान दुसऱ्याकडून लिहून घ्यावं?

आसाराम लोमटे इथलेच. वर्तमानपत्राची नोकरी करत, याच जिल्ह्यातली माणसं बघत त्यांनी कथा लिहिल्या, आणि ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुमच्यातल्या किती जणांनी ‘आलोक’ वाचलंय? हात वर करा. बघा. कवी इंद्रजित भालेराव याच गावात शिकवत होते. त्यांचं ‘पीकपाणी’ आपल्या ग्रंथालयात आहे, कार्डावर तुमच्यापैकी कुणाचं नाव नाही. बी. रघुनाथांच्या नावाच्या सभागृहात तुम्ही गॅदरिंग करता. ते निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकून होते. दिवसभर खर्डेघाशी, कारभाराची भाषा उर्दू, आणि रात्री मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या. १९५३ मध्ये, चाळिशीत गेले. त्यांना कुणी फेलोशिप दिली नव्हती. मी फेलोशिपच्या विरोधात नाही. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले होते, आणि जायलाच हवे होते. पण जाताना त्यांच्यामागे वीस वर्षांचं काम होतं: १९५४ मध्ये मित्रांबरोबर काढलेलं ‘शब्द’ हे अनियतकालिक, स्वतःचा कवितासंग्रह, मराठी कवितेच्या इंग्रजी अनुवादांचं संपादन. तुमच्या पिशवीत काय आहे? व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेल्या आठ ओळी.

साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. तिच्यासाठी हस्तलिखित लागतं. पूर्ण हस्तलिखित. ते नसल्यामुळे तुमच्यापैकी कुणी अर्ज केला नाही. पैसे नसल्यामुळे नाही.

पोटाचं विचाराल तर नुसत्या कथा-कवितेवर मराठीत घर चालत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अनुवाद, पटकथा, वृत्तपत्र, पाठ्यपुस्तकांचं संपादन, ध्वनिपुस्तकांची संहिता ही लिहिणाऱ्याची रोजची भाकरी आहे आणि तिच्यात कमीपणा नाही. फक्त त्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ नीट यावं लागतं. तुमच्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल अधिक बोलत नाही.

राहिले ‘आर्ट्स लीडरशिप’वाले, म्हणजे कलासंस्था चालवायचं शिकायला परदेशी निघालेले. नेतृत्व! हा शब्द तुम्हाला फार आवडतो. १९९५ साली या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते नारायण सुर्वे. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेला, शिपायाची नोकरी केलेला कवी परभणीच्या मांडवात बसला होता. तो मांडव कुणी घातला? हजारो माणसांचं जेवण, पाणी, राहणं कुणी बघितलं, वर्गणी कुणी मागितली, हिशेब कुणी दिला? त्यातली बरीच माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत, याच गावात भाजी घेताना भेटतात. तुम्ही एकाकडेही जाऊन बसला नाहीत. पुस्तकातलं नेतृत्व इंग्रजीत वाचता आणि गावातलं विरून चाललंय.

राज्य नाट्य स्पर्धेची फेरी परभणीत होते. तुम्हाला प्रत्येकाला त्यात भूमिका हवी असते. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणायला कोण जातं? नेपथ्याचा टेम्पो कोण ठरवतं? हौशी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, हे कोण भरतं? एक जण भरतो, वर्षानुवर्षं तोच, आणि तो थकला की संस्था बंद पडते. मराठवाड्यातल्या किती चांगल्या नाट्यसंस्था नटाअभावी नाही, तर कागद सांभाळणारा नसल्यामुळे गेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि वारसा यांवर सामाजिक दायित्वाचा पैसा खर्च करता येईल असं लिहिलंय. तो पैसा मुंबई-पुण्यात जिरतो. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला यादवकाळची देवळं आहेत, दीपमाळ आहे, बारव आहे. त्यांच्यासाठी एक नीट लिहिलेला प्रस्ताव, अंदाजपत्रकासह, परभणीतून गेला तर कोण नाही म्हणणार आहे? गेलाय का? चारठाण्याला सेल्फी काढायला मात्र तुम्ही जाऊन आलात.

हे काम केलंत तर परदेशी शिक्षणही जवळ येतं, हा भाग तुम्ही कधी वाचतच नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, २,८०० तास मोजून. स्वयंसेवी कामही त्यात धरतात. म्हणजे दोन वर्षं या जिल्ह्यात एखादी नाट्यसंस्था किंवा ग्रंथालय खरोखर चालवलंत तर अनुभवाची ही अट पूर्ण होते. दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन ‘तयारी’ केलीत तर होत नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी बारीक अक्षरासकट वाचा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांच्याशी निगडित विषय वगळले गेले. आपल्या लोककलेवर परदेशात संशोधन करायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं होतं. मला ते अन्यायाचं वाटतं, पण अर्ज माझ्या वाटण्यावर चालत नाही.

आणि शेवटचं. तुमच्यातल्या दोघांनी घरी सांगितलंय की दोन एकर विकलं तर जाता येईल. बापाला तुम्ही काय दाखवलंत? विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक, हिरवळीवर बसलेली मुलं. बाप हो म्हणतो, कारण लेकराच्या शिक्षणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. त्याच्या त्या हो म्हणण्याचा फायदा घेऊ नका. एक कागद घ्या. शिक्षण शुल्क, व्हिसा, तिकीट, खोलीभाडं, खाणं, थंडीचे कपडे, विमा, सगळं रुपयांत लिहा. बँकेचा हप्ता किती आणि कोणत्या महिन्यापासून सुरू होणार, ते लिहा. त्या देशात शिक्षणानंतर किती काळ राहता येतं, ते लिहा. परत आल्यावर या विषयात महाराष्ट्रात कुठे काम मिळू शकतं, त्या संस्थांची नावं काढा, त्यांना फोन करा, सुरुवातीला किती पगार देतात ते विचारा आणि जो आकडा सांगतील तो तसाच खाली उतरवा, वाढवू नका. जमीन न विकता याच विषयाकडे जायची दुसरी वाट कोणती, तीही लिहा, ती लांबची असली तरी. मग तो कागद दोघांच्याही, आई आणि वडील, समोर ठेवून एकेक ओळ वाचून दाखवा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर चिडू नका. कागद मराठीत लिहा.